पातुरात समुद्र कसा आला

परवाच्या दिवाळीत चार दिवस गावी होतो. गाव म्हणजे पातूर. अकोल्याहून वाशीमकडे निघालात की सपाट काळी जमीन संपते आणि अजिंठ्याचे डोंगर समोर आडवे येतात, तिथे अगदी पायथ्याशी. डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, शेख बाबूंचा दर्गा आहे (जुन्या कागदांत गावाचं नाव 'पातूर शेख बाबू' असंही सापडतं) आणि आमच्या घरी एक लोखंडी कपाट आहे. त्या कपाटातून एक सीडी निघाली आणि माझे पुढचे सहा वीकेंड गेले.

सीडी मोठ्या बाबांची. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी गावाबद्दल लिहायला घेतलं. लेणी, दर्गा, बाजार, घाटातली जुनी वाट, दुष्काळाच्या ऐकीव गोष्टी, विहिरी. सहा-सात वह्या झाल्या. २००३ साली अकोल्याच्या एका डीटीपीवाल्याकडून त्यांनी हे सगळं टाइप करून घेतलं, पण छापायचा खर्च ऐकून गप्प बसले. फाइल सीडीवर राहिली. वह्यांना मधल्या काळात उधई लागली. म्हणजे आता जे काय आहे ते त्या सीडीवरच.

"तू पुन्याले कंप्युटरचंच काम करतं ना? मंग हे उघडून दे." मोठे बाबा म्हणाले.

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम. (इंजिनिअर लोक पाच मिनिटं म्हणाले की काय समजायचं ते तुम्हाला माहीतच आहे.) सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप शोधण्यात एक दिवस गेला. शेजारच्या दादाचा जुना लॅपटॉप मिळाला, सीडी चालली, वर्डची फाइल उघडली आणि पडद्यावर दीडशे पानं इंग्रजी अक्षरांची गिचमीड. मध्येच डॉलरचं चिन्ह, मध्येच कंस, मध्येच फ्रेंच टोप्या घातलेली अक्षरं.

मोठे बाबा चष्मा वर करून बराच वेळ बघत होते. "हे मी नाही लिहेल," एवढंच म्हणाले.

आता तुमच्यापैकी अर्ध्या लोकांना उत्तर माहीत असेल: फॉंट नाही, फॉंट टाका. बरोबर आहे. मजकुरावर कर्सर ठेवला की वर्ड फॉंटच्या चौकटीत त्या हरवलेल्या फॉंटचं नाव अजूनही दाखवतो, फॉंट मशीनवर नसला तरी. नाव मिळालं. (नाव इथे देत नाही, उगीच कुणाला बोल लावायचा नाही.) ओळखीच्या एका डीटीपी ऑपरेटरकडून जुनी फॉंट फाइलही मिळाली आणि टाकल्यावर मराठी दिसलं. घरात टाळ्या वगैरे. पण मोठ्या बाबांच्या नातीने तेच मोबाइलवर मागितलं, आणि मोबाइलवर पुन्हा गिचमीड. मग शोध-खिडकीत 'पातूर' टाइप करून पाहिलं. दीडशे पानांत एकही 'पातूर' नाही! गावाच्या इतिहासात गावच नाही.

इथे मी पहिल्यांदा नीट विचार करायला बसलो.

झालं होतं असं. त्या फाइलमध्ये मराठी नव्हतीच, कधीच नव्हती. तिच्यात इंग्रजी अक्षरंच साठवलेली होती आणि फॉंट त्यांच्यावर मराठी मुखवटे चढवत होता. उदाहरणासाठी उत्तरेत प्रचंड चाललेला 'कृतिदेव' घ्या. त्यात 'पातूर' लिहायचं तर कळा दाबायच्या आय, के, आर, डब्ल्यू, जे. आय म्हणजे प, के म्हणजे काना, आर म्हणजे त, डब्ल्यू म्हणजे दीर्घ उकार, जे म्हणजे र. संगणकाच्या लेखी ती पाच इंग्रजी अक्षरंच. दुसऱ्या कंपनीच्या फॉंटात तीच पाच अक्षरं म्हणजे भलतंच काहीतरी. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण, ज्याची त्याची मांडणी वेगळी. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली की आनंदीआनंद.

पूर्वी मला वाटायचं की हा त्या काळच्या लोकांचा गाढवपणा. आता तसं वाटत नाही. त्या फॉंटांत जागा २५६, त्यातल्याही बऱ्याच राखीव, म्हणजे वापरायला दोनशेच्या आसपास. मराठीची जोडाक्षरं मोजायला बसा, दोनशेत कशी बसतील? मग अक्षरांचे तुकडे करायचे. 'ग' म्हणजे अर्धा ग आणि एक दंड. तोच दंड कान्यालाही चालतो. रफार वेगळा, वेलांटी वेगळी, आणि ऑपरेटरने ते पडद्यावर जोडत जायचं. ही युक्तीसुद्धा नवी नव्हती. कृतिदेवची मांडणी सरळ रेमिंग्टनच्या टाइपरायटरवरून आलेली आहे. टाइपरायटरला कळा चाळीस-पंचेचाळीस, शिफ्ट धरून नव्वदच्या आसपास खुणा. तेवढ्यात देवनागरी बसवायची म्हणजे तुकडे करणं आलंच. तालुक्याच्या गावांत टायपिंगचे क्लास असायचे, तिथे तीस शब्दांची परीक्षा देऊन जी पोरं-पोरी बाहेर पडली, तीच पुढे डीटीपीत गेली. त्यांच्या बोटांना जे येत होतं त्यावर फॉंट बेतले गेले. नवीन मांडणी शिकायला महिना घालवा आणि तोवर लग्नपत्रिकांचा सीझन सोडा, असं कोण म्हणेल?

टाइपरायटरच्याही मागे गेलो तर छापखाना लागतो, आणि तिथे तर ह्या भानगडीचं मूळ आहे.

विल्यम केरीने १८०५ मध्ये बंगालात श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं, ते देवनागरी खिळ्यांत. त्या काळी महाराष्ट्रात रोजचा व्यवहार चालायचा मोडीत. श्रीरामपूरला पुढे मोडीचे खिळेही पाडले गेले, १८१० चा केरीचा कोश मोडी टाइपात आहे. पण मोडी मुळात हात न उचलता लिहायची, प्रत्येक अक्षर पुढच्याला बिलगून बसणार. तिचे सुटे खिळे पाडणं म्हणजे पाण्याचे चौकोन कापणं. छपाईत बाळबोध जिंकली, मोडी दफ्तरात राहिली आणि विसाव्या शतकात शाळेतूनही गेली. मी तर म्हणेन की मराठीतला पहिला मोठा 'फॉंट प्रॉब्लेम' तो होता, आणि तो आपण लिपीच सोडून देऊन सोडवला! (मोडीला युनिकोडात जागा मिळाली २०१४ मध्ये. बराच उशीर झाला, पण मिळाली.)

बाळबोधीचंही सोपं नव्हतं. इंग्रजी जुळारीपुढे खिळ्यांच्या एक-दोन पेट्या असायच्या. मराठी जुळाऱ्याला खिळे लागत शेकड्यांनी. वेलांटी, उकार, रफार लावलेली अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळे वेगवेगळे खिळे. मुंबईत जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू नावाचे कसबी कारागीर त्यांच्याबरोबर होते. ही मंडळी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झाली होती. निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ कधी हातात आले तर एखादं पान भिंगाखाली धरा. ह्यांनी अक्षराचे तुकडे फार दिसू दिले नाहीत, खिळे वाढवले. खर्च वाढला, कष्ट वाढले, पण अक्षर अक्षरासारखं राहिलं. बापूराव नाईकांनी १९७१ मध्ये देवनागरी टाइपोग्राफीवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यावरून ह्या कामाचा आवाका लक्षात येतो.

खर्च कुणाला परवडत नव्हता त्यांनी उलटा रस्ता धरला: यंत्र बदलत नाही ना, मग लिपी बदला. सावरकरांनी इ, ई, उ, ऊ ही अक्षरं काढून अ लाच वेलांट्या आणि उकार द्यायची चळवळ केली, खिळे वाचतात म्हणून. आणि १९५३ मध्ये लखनौला लिपीसुधारणेची एक परिषद भरली. तिथे ठरलं काय, तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडे नको, तीही उजवीकडेच द्यायची, फक्त जरा आखूड! लोकांना ते काही पचलं नाही. १९५७ मध्ये वेलांटी परत डावीकडे आली.

मला हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. कारण ती डावीकडची वेलांटी मलाही छळून गेली, त्याबद्दल पुढे.

बरं, ह्या सगळ्याला धड उत्तर कुणी शोधलंच नव्हतं का? शोधलं होतं की. आणि ते शोधणारे आपल्याच पुण्यात बसले होते. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्टचं काम मोहन तांबे आणि मंडळींनी पुढे सी-डॅकमध्ये नेलं (सी-डॅक १९८८ चं). त्यांची कल्पना साधी होती. संगणकात अक्षराचं चित्र साठवू नका, उच्चार साठवा. 'कि' म्हणजे आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे काढायची की उजवीकडे हे पडद्याने ठरवावं, टाइप करणाऱ्याने नाही. अर्ध्या अक्षरासाठी वेगळी जागा नको, व्यंजन आणि हलन्त एवढं पुरे, जोडाक्षर कसं दिसायचं ते फॉंट बघेल. ह्यातून इस्की हे भारतीय लिप्यांचं कोष्टक आलं, १९८८ चा मसुदा आणि १९९१ मध्ये भारतीय मानक. १९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा १२८ जागांचा तुकडा १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. आज तुमच्या फोनवर जी मराठी उमटते तिचा सांगाडा तोच.

म्हणजे उत्तर १९८८ पासून तयार, आणि मोठ्या बाबांची फाइल २००३ ची. पंधरा वर्षं काय झोपा काढल्या का? तर नाही. उच्चार साठवला की तो दाखवताना अक्षर घडवणारा कुणीतरी लागतो, आणि तो सॉफ्टवेअरमध्ये हवा. विंडोजमध्ये देवनागरी आली विंडोज २००० पासून, 'मंगल' फॉंटसकट (तो प्रा. र. कृ. जोशींचा). एक्सपीमध्ये ती होती, पण कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची चौकट टिचकवायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी कुणाकडे असायची? आणि जिथे पुस्तकं-पेपर लागायचे ते पेजमेकर आणि क्वार्क, त्यांना एक कोड म्हणजे एक चित्र एवढंच कळत होतं. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय आली २०१२ च्या सीएस ६ मध्ये. तोवर डीटीपीवाल्याने पोट कशावर भरायचं? युनिकोड न वापरल्याबद्दल २००३ सालच्या त्या ऑपरेटरवर मी तरी चिडू शकत नाही.

असो. पुण्याला परत आलो आणि कन्व्हर्टर लिहायला बसलो. तयार कन्व्हर्टर मिळतात, पण ह्या फॉंटच्या ह्या आवृत्तीचा मिळाला नाही. पायथनमध्ये एक कोष्टक: डावीकडे इंग्रजी चिन्ह, उजवीकडे मराठी तुकडा. वाटलं, झालं.

पहिला झटका वर्डनेच दिला. फाइलमध्ये बरीच वाक्यं 'पतूर' ह्या शब्दाने सुरू होत होती. वाक्याच्या मध्ये पातूर, सुरुवातीला पतूर. डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की वर्ड त्याच्या स्वभावाप्रमाणे वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करत होता! त्याला बिचाऱ्याला वाटलं, इंग्रजी आहे. माझ्या फाइलचा फॉंट कृतिदेवच्याच धाटणीचा. छोटा आय म्हणजे पूर्ण प, मोठा आय म्हणजे अर्धा प. अर्ध्या प ला पुढचा काना चिकटला की त्याचा पूर्ण प होतो आणि काना खर्ची पडतो. पातूरचं पतूर. डीटीपीवाले हे ऑटोकरेक्ट आधीच बंद करून ठेवायचे, ह्या ऑपरेटरने कुठल्यातरी दिवशी नव्या मशीनवर काम केलं असावं.

दुसरं त्याच जातीचं. काही पानांवर श आणि ष ची जागा रिकामी किंवा भलतीच. ह्या धाटणीत अर्धा श असतो इंग्रजी एकेरी अवतरणचिन्हावर आणि अर्धा ष दुहेरीवर. वर्डचे 'स्मार्ट कोट्स' त्या सरळ चिन्हांना वळणदार करतात, म्हणजे कोडच बदलतात. शेतकऱ्याचा 'एतकरी' आणि पोळ्याच्या वर्णनातले सगळे 'शिंगे' बोडके. हे सोपं होतं, वळणदार चिन्हं परत सरळ केली. जिथे खरंच अवतरणचिन्ह होतं तिथे मात्र हाताने बघावं लागलं.

मग आली ती डावीकडची वेलांटी. जुन्या फाइलमध्ये ती दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली. युनिकोडात ती नंतर हवी. मी लिहिलं: वेलांटी उचल, एक अक्षर ओलांड, ठेव. 'किती' छान आलं. 'स्थिती'चं झालं 'सि्थती'. ओलांडायचं एक अक्षर नसतं, अख्खं जोडाक्षर असतं. ('सि्थती' ओळखीचं वाटलं ना? कितीतरी संकेतस्थळांवर असतं. ते अशाच कुणा घाईतल्या माणसाच्या कन्व्हर्टरमधून बाहेर पडलेलं असतं.) रफाराचं नेमकं उलट. 'मार्गी' मध्ये तो सगळ्यात शेवटी साठवलेला, ग आणि वेलांटी दोन्ही झाल्यावर, आणि न्यायचा असतो मागे, ग च्याही आधी. लखनौच्या परिषदेतल्या लोकांचा वैताग मला त्या रात्री दीड वाजता समजला.

चौथ्या वीकेंडला दीडशे पानं मराठीत वाचता येत होती. 'पातूर' शोधला, भरपूर सापडले. पीडीएफ करून घरी पाठवली, बाबांनी प्रिंट काढून दिली. दोन दिवसांनी मोठ्या बाबांचा फोन.

"पातुरात समुद्र कधी होता बे?"

"कुठी लिहिलं?"

"पहिल्याच पानावर. गावाच्या दक्षिनेले डोंगर आन दर्या हायेत म्हने. लेन्याईच्या खाली पन दर्या. गंज जागी हाये."

दऱ्या! मी डोंगराच्या दऱ्यांचा दर्या करून टाकला होता.

हा घोळ हिंदीवाल्याला कळणारही नाही. र अर्धा होऊन पुढे य किंवा ह आला की आपल्याकडे दोन उच्चार आहेत आणि दोन खुणा. आचार्य मध्ये रफार, आघात पडतो. आचाऱ्याला मध्ये ती भुवईसारखी आडवी रेघ, आघात नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. जुन्या फॉंटात ह्या आडव्या रेघेला वेगळी जागा होती, डीटीपीवाल्याने ती इमानदारीने वापरली होती, आणि मी कोष्टकात दोन्ही ठिकाणी अर्धा र लिहून ठेवला होता. आमच्या अख्ख्या प्रांताचं नाव ह्या रेघेशिवाय लिहिता येत नाही: वऱ्हाड. मी त्याचं 'वर्हाड' केलं होतं आणि चार वीकेंड वाचूनही मला दिसलं नव्हतं. मोठ्या बाबांना चष्म्यातून पहिल्या पानावर दिसलं.

दुरुस्ती एका ओळीची. पण त्या ओळीत काय लिहायचं ह्यात अर्धा दिवस गेला, कारण युनिकोडात ही रेघ दोन तऱ्हांनी येते. एक, नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, इस्कीच्या वेळेपासून चालत आलेली. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही अगदी सारख्याच. संगणकासाठी दोन वेगळे शब्द. म्हणजे तुम्ही एका तऱ्हेने 'वऱ्हाड' लिहिलं आणि मी दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर कित्येक प्रोग्रॅम सांगतील की सापडत नाही. मी पहिली तऱ्हा घेतली आणि सगळीकडे तीच ठेवली.

अशा बारीकसारीक मराठी गोष्टी त्या मूळ १२८ जागांत अडखळत होत्या. 'ॲसिड' मधल्या ॲ ला स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवायचे, आणि ते जुने मजकूर आज उघडले की अ आणि चंद्राच्या मध्ये एक ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. (ते वर्तुळ दिसलं की समजायचं, खूण आहे पण तिला बसायला अक्षर सापडत नाहीये. चौकोनी ठोकळे दिसले तर अक्षर आहे पण ह्या फॉंटात त्याचं चित्र नाही. दोन्हींत मजकूर शाबूत असतो, घाबरू नका.) ल आणि श चंही तेच. मंगलमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. आपल्या शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमाला ठरवून दिली, तिच्यात ल पाकळीचा आहे. नोटोसारख्या फॉंटांत मराठी वळणं आत दडवलेली असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमली तरच ती बाहेर येतात. लिब्रेऑफिसमध्ये मी भाषा बदलली आणि दीडशे पानांतले ल एका क्षणात वळले. मोठ्या बाबांना ते फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मंग आधी कोन्या भाषेत होतं ते?" मी उत्तर दिलं नाही.

ह्यानंतर शेवटचं प्रकरण उरलं होतं. मी मुद्दाम मागे ठेवलं होतं.

ते बाकीच्या फाइलमध्ये नव्हतं. मोठ्या बाबांनी ते २००६ मध्ये लिहिलं, गावातल्या नेट कॅफेतल्या पोराकडून त्याच फॉंटात टाइप करून घेतलं आणि त्याने ते ईमेलमध्ये चिकटवून अकोल्याला पाठवलं. तिथून ते सीडीवर आलं. प्रकरण विहिरींबद्दल आहे: गावातल्या आणि शिवारातल्या जुन्या विहिरी, प्रत्येकीचं नाव, कुणी खणली, पाणी कसं, कधी बुजली. ते उघडलं तर गिचमीड होतीच, पण मध्ये मध्ये प्रश्नचिन्हं.

प्रश्नचिन्हं बघितली आणि पोटात गोळा आला. जुन्या फॉंटांत साधी अक्षरं पहिल्या १२८ जागांत असायची आणि वरच्या जागांत जोडाक्षरं वगैरे. ईमेलच्या वाटेत कुठल्यातरी यंत्राला त्या वरच्या जागा कळल्या नाहीत, तिने प्रत्येकीच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकून दिलं. ह्यात फॉंट टाकून काही होत नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे मुखवटा नव्हे, खाली खरोखर प्रश्नचिन्हच आहे. होतं ते गेलं.

सगळं नाही गेलं, अर्थात. 'ल?मण' हा लक्ष्मणच असणार. 'वि?ल' म्हणजे विठ्ठल. पाठोपाठच्या शब्दांवरून अंदाज बांधत, शब्दकोशातून जुळणारे शब्द काढत मी बरंचसं भरून काढलं. पण विहिरींची नावं कुठल्या शब्दकोशात असणार? दोन वीकेंड झटून शेवटी सात नावं राहिली. मोठ्या बाबांना फोन लावला. त्यांचं वय आता एक्क्याऐंशी.

मी एकेक वर्णन वाचत गेलो. दर्ग्याकडून येताना डाव्या हाताले, पायऱ्या असलेली, उन्हाळ्यात न आटणारी. ते लगेच नाव सांगत. मध्ये दोनदा आईने चहा आणून ठेवल्याचा आवाज आला. पाच नावं मिळाली. सहाव्या विहिरीपाशी ते थांबले. दोन-तीन नावं पुटपुटले, नाही म्हणाले. सातवीचंही तसंच. तिच्याबद्दल त्यांनी स्वतःच लिहिलेलं होतं की ही माहिती एका म्हाताऱ्या बाईकडून ऐकली, आणि ती बाई लिहिण्याआधीच वारली होती.

"मी लिहेल होतं ना नाव?" त्यांनी विचारलं.

"हो. प्रश्नचिन्हाच्या दोन्ही बाजूची अक्षरं आहेत. मधलं नाही."

"वाच."

वाचलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "नाही येऊन राह्यलं. तू अंदाजानं काई घालू नको. जागा ठेव तिथी."

पुस्तकाच्या चाळीस प्रती काढतोय, अकोल्यातच. शेवटच्या प्रकरणात दोन ओळींवर जागा ठेवली आहे. मोठे बाबा रोज संध्याकाळी बाजारात बसून जुन्या लोकांना विचारतात.